मध्यंतरानंतर रिकामा होणारा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे. 'जुना' हा शब्द मी स्वतःहून वापरतो आहे, कारण तुम्ही वापरला असता तर मला राग आला असता. मित्रांनो, राग मला पटकन येतो. त्याहून पटकन येतो तो मत्सर. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की म्हणतात, आम्ही जन्मभर सगळ्यांचं भलं चिंतलं. चिंतलं असेल बुवा. मी चिंतलेलं नाही.

एका पाडलेल्या गोदामाच्या तुळया कापून सुताराने मला बनवलं. चार पाय, तीन फळ्या, पाठ नाही. काम झाल्यावर तो माझ्यावर बसला, दोनदा उसळून पाहिलं आणि म्हणाला, "चार जण आरामात, सहा जण आपुलकीनं." मग हातगाडीवर घालून त्याने मला मुलामुलींच्या फुटबॉलच्या मैदानावर आणलं. शहराच्या कडेला तारेचं कुंपण, एक फाटक, एक नळ आणि दोन गोल. फाटकाजवळ, मैदानाच्या मध्यरेषेसमोर मला रोवलं. प्रेक्षकांची सोय म्हणून तिथे जे काही होतं, ते मीच होतो. सोळा वर्षं.

वडील मंडळी माझ्यावर बसत नसत. त्यांना रेषेवर उभं राहून, हात मागे बांधून, प्रशिक्षकांना ऐकू जाईल अशा बेताने खेळातलं शहाणपण स्वतःशी पुटपुटायचं असे. माझ्यावर बसत त्या आया आणि आज्या. आणि काय बसत! मुलीने गोल केला तरी जागच्या हलत नसत. पाय घट्ट जुळवून, मांडीवर पिशवी दाबून धरून, शून्यात पाहत. उन्हातसुद्धा पाण्याचा घोट घेत नसत. त्यांना खेळाचा आणि त्याहून जास्त माझा एवढा लळा आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

कौतुक म्हणाल तर एकदाच झालं. क्लबच्या अध्यक्षांनी बुटाची नाडी बांधायला माझ्यावर पाय ठेवला आणि म्हणाले, "भक्कम आहे." त्या दोन शब्दांवर मी सात वर्षं काढली.

पहिला मत्सर मला एका घडीच्या खुर्चीचा वाटला. दातांच्या डॉक्टरांनी ती मुलाच्या सामन्याला आणली होती. तिला हात होते, पाठ होती, आणि पाण्याची बाटली ठेवायला खिसा होता. लोक येऊन तिला हात लावून बघायचे. एका रविवारी तिचा सांधा निखळला आणि डॉक्टर गवतावर बसले. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या मोजक्या सुखाच्या दिवसांपैकी एक आहे. मला त्याची लाज वाटायला हवी, हे मला माहीत आहे.

पण खरा जाळ लागला तो शिडीच्या आईमुळे.

शिडी म्हणजे मुलींच्या संघाची गोलकीपर. वय बारा, उंची वयाच्या पुढे आणि जाडी वयाच्या मागे, म्हणून संघातल्या मुलींनी ठेवलेलं नाव. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवायची. रविवारची एकच सुट्टी, आणि ती दोन बस बदलून इथे येण्यात घालवायची. बसायची नेहमी माझ्या डाव्या टोकाला, फाटकाच्या बाजूला. पहिला हाफ ती मन लावून बघे. पण मध्यंतराची शिट्टी झाली रे झाली की पिशवी उचलून झपाझप फाटकाबाहेर. परत यायची तेव्हा सामना संपून मुली मोजे काढत बसलेल्या असायच्या. आणि येताना चेहरा कसा? तरतरीत, हलका, जगाला माफ केल्यासारखा.

मी काय समजायचं? चौकापलीकडे कुठेतरी दुसरा बाक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. पाठ असलेला. झाडाखालचा. कदाचित गादीचासुद्धा. पहिली पंचवीस मिनिटं माझ्यावर काढायची आणि दुसरी पंचवीस त्याच्यावर. तीन वर्षं मी त्या बाकावर जळलो. माझ्या मधल्या फळीला जी चीर आहे ती उन्हाने पडली असं लोक म्हणतात. म्हणू द्या.

शिडीने त्या रिकाम्या जागेचा वेगळाच अर्थ लावला होता. दुसरा हाफ सुरू झाला की गोलखांबांच्या मधे उभी राहून ती आधी माझ्या डाव्या टोकाकडे बघायची आणि मग चेंडूकडे. या क्रमाने. त्यामुळे चेंडूला नेहमी थोडी सवलत मिळायची. पहिल्या हाफमध्ये तिच्याकडून गोल जायचा क्वचित, दुसऱ्यात जायचे दोन-दोन, तीन-तीन.

अशातच मैदानावर गॅलरी झाली.

मित्रांनो, तिचं वर्णन करताना मला त्रास होतो, म्हणून एकदाच करतो. वर पत्र्याचं छप्पर. खाली दोनशे चाळीस निळ्या खुर्च्या, प्रत्येकीला पाठ आणि प्रत्येकीला नंबर. मला सोळा वर्षांत कुणी नंबर दिला नव्हता. छताला पंखे. मोबाइल चार्ज करायची सोय. आणि मागच्या बाजूला स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी दोन दारं, पांढऱ्या फरशा, आरसे, वॉशबेसिन. जे काही माणसाला लागतं त्याचा विचार समितीने केला होता. मग त्या दोन्ही दारांना कुलपं लावली.

किल्ल्या क्लबच्या चिटणिसांच्या कमरेला. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे हवेत आणि पाहुण्यांची तारीख मिळत नाही, असं ते सांगत. खुर्च्यांवर लोक आपसूक बसले, त्याला त्यांचा इलाज नव्हता. पण दारांचं त्यांच्या हातात होतं. दर शनिवारी ते स्वतः आत जाऊन फरशा पुसत, आरशावर फुंकर मारत आणि पुन्हा कुलूप लावत. पुरुष कुंपणापलीकडच्या झुडपांत जाऊन येत. तिथे त्यांना पाहुण्यांची गरज पडत नव्हती.

वडील मंडळी पंख्याखाली गेली. एकेक करून बऱ्याच आयाही गेल्या. शिडीची आई मात्र माझ्याच डाव्या टोकाला येऊन बसायची. दोनशे चाळीस खुर्च्या सोडून. मी तर फुलून गेलो. त्या चौकापलीकडच्या बाकालाही एक वेळ मी क्षमा करायला तयार होतो. ती माझ्याकडे का येते याचं कारण मला तेव्हा माहीत असतं, तर मी एवढा फुललो नसतो.

मग तो रविवार आला. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. शिट्टी झाली, आई उठली, गेली. दुसऱ्या हाफमध्ये शिडीने तीन गोल खाल्ले. सामना संपल्यावर ती थेट माझ्याकडे आली आणि हातमोजे काढून माझ्यावर आपटले. एवढ्यात आई फाटकातून आली. तोच तरतरीत चेहरा.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," शिडी म्हणाली. "मीपण येणार नाहीये. सरांना सांगते, दुसरी कुणीतरी बघा."

काय झालं, असं आईने विचारलं.

"तुला बघवत नाही ना माझं? मी गोल खायच्या आधीच उठून जातेस. दर वेळी."

आई मटकन बसली. माझ्या दुसऱ्या टोकाला डाव्या बचावपटूच्या आजी बसल्या होत्या. समोर दोन वडील उभे होते. आईने आवाज खाली आणला. मला ऐकू आलं, कारण मी तिच्याखालीच होतो.

"अगं बाथरूमला जाते मी. पेट्रोल पंपावर. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला."

"दर वेळी?" शिडीने विचारलं.

"सहाला घर सोडते. दोन बस. माणूसच आहे ना मी?"

"मग सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढं आहे तर येऊ नकोस."

आणि शिडी नेमकं तेच म्हणाली असती.

मी कुठल्या अवस्थेत होतो ते विचारू नका. दुसरा बाक नव्हताच. गादी नव्हती, झाड नव्हतं. तीन वर्षं मी एका पेट्रोल पंपाच्या बाथरूमवर जळत होतो, आणि आईच्या बोलण्यातून पुढे निघालं त्याप्रमाणे, त्याच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. शिवाय माझं डावं टोकही तिला माझ्या प्रेमापोटी हवं नव्हतं. तिथून फाटक जवळ पडायचं, एवढंच.

तेवढ्यात टोकाच्या आजी, कुणी न विचारता, म्हणाल्या की त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोंडाला लावत नाहीत. मागून जाणारी एक आई थांबली. ती एक रविवार सोडून यायची आणि घरी डोकेदुखीचं कारण सांगायची. आणखी दोघी थांबल्या. प्रत्येकीला वाटत होतं, ही अडचण आपल्या एकटीची. मी सोळा वर्षांतल्या त्या निश्चल बसण्याचा मनातल्या मनात पुन्हा हिशेब घातला, आणि माझ्या लोकप्रियतेतलं फारसं काही उरलं नाही.

शिडीने हातमोजे उचलले आणि ती तडक गॅलरीकडे निघाली. तिच्यामागे आई, आईमागे बाकीच्या, सगळ्यांत शेवटी पण सगळ्यांत निकडीने आजी. गॅलरीमागे पुढे काय झालं ते मला पाहून आलेल्यांकडून कळलं.

शिडीने किल्ली मागितली. चिटणीस माणूस वाईट नव्हता. त्यांनी नीट समजावून सांगितलं की तारीख मिळाली की लगेच उघडणार, आणि तोवर सगळं कोरं राहावं म्हणून ते स्वतः झटताहेत. "आत अजून एकही माणूस गेलेला नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"आम्हीही तेच म्हणतोय," आजी म्हणाल्या.

पण उद्घाटन व्हायला नको का, चिटणिसांनी विचारलं. फीत लागते, कात्री लागते, पाहुणे लागतात. इतिवृत्तात ते काय लिहिणार? शिडीच्या आईने पिशवीतून आपली शिवणकामाची कात्री काढली. शिडीने केसांची फीत सोडली आणि दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत ताणून बांधली.

"आणि पाहुणे?"

"या आजी," आई म्हणाली.

चिटणिसांनी आजींचं वय विचारलं. एक्याऐंशी. म्हणजे अध्यक्षांपेक्षा ज्येष्ठ. त्यांच्या मनावरचा मोठाच भार उतरला. त्यांनी वही काढली, तारीख घातली, आजींचं नाव व्यवस्थित विचारून लिहिलं, टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

"आधी किल्ली," आजी म्हणाल्या. हेच ते दोन शब्द. इतकं थोडक्यात आटोपलेलं उद्घाटन चिटणिसांनी कधी पाहिलं नव्हतं.

टाळ्या माझ्यापर्यंत ऐकू आल्या. एका संडासाच्या दारासाठी फीत कापली गेली, मित्रांनो. माझ्यासाठी सोळा वर्षांत दोरासुद्धा कापला नव्हता.

पुढच्या रविवारी शिडी आली. मध्यंतराची शिट्टी झाली, आई उठली, गॅलरीमागे गेली आणि चार मिनिटांत परत आली. मी डावं टोक सावरून बसलो. ती माझ्यासमोरून गेली, पायऱ्या चढली आणि तिसऱ्या ओळीतल्या निळ्या खुर्चीवर, पंख्याखाली, पाठ टेकून बसली. तिला आता फाटक जवळ असण्याची गरज नव्हती.

शिडीला हे माहीत नव्हतं. दुसरा हाफ सुरू झाल्यावर तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. जागा रिकामी. तिचे खांदे पडलेले मला माझ्या जागेवरून दिसले, आणि पुढच्याच मिनिटाला चेंडू तिच्या बाजूने आत गेला. ती जाळीतून तो उचलायला वाकली, तेव्हा वरून आवाज आला, "राहू दे गं. पुढचा अडव."

शिडीने मान वर केली. आई तिथे होती. गोल खाताना पाहून झालं होतं तरी तिथेच होती. त्यानंतर शिडी चेंडूकडे आधी बघायला लागली. पुढचे तीन तिने अडवले. सामना एक-एक असा सुटला आणि मुली अशा नाचल्या की पंचांनी आपली वही पुन्हा तपासून घेतली.

मी नाचलो नाही. मी तिसऱ्या ओळीकडे बघत होतो.

महिन्याभरात गॅलरीमागे बायकांची रांग लागायला लागली. आज्यांना उभं राहवेना. मग चिटणीस आणि मैदानाचे माळीमामा यांनी मिळून मला मैदानावरून उपटलं आणि त्या दाराबाहेर नेऊन ठेवलं. आता मला मैदान दिसत नाही. समोर भिंत, आणि दार उघडलं की वॉशबेसिन आणि एक आरसा, ज्यात माझी चीर स्वच्छ दिसते. पाटीवर लिहिलंय, 'प्रतीक्षेसाठी'. एवढंच.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी काहीतरी मागायचं असतं. नळ घट्ट बंद करा. कडी लावताना दार आपटू नका. कुठलीही सोय पाहुण्यांसाठी कोरी ठेवू नका. आणि तुमच्यासाठी येऊन बसणारं माणूस मधेच उठून गेलं, तर मनात गोष्ट रचू नका, त्याला विचारा. मी तीन वर्षं रचत होतो. गोष्ट चांगली होती, गादीसकट. पण त्यात खरं काहीच नव्हतं.

रंग मिळाला तर द्या. निळा नको.

मध्यंतरात माझ्यावर सहा-सहा जणी बसतात. शिडीची आईही कधी असते, डाव्या टोकाला, दोन मिनिटं. मग दुसऱ्या हाफची शिट्टी होते आणि सगळ्या लगबगीने उठून जातात, आणि भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येतो. तेव्हा माझ्यावर कुणी म्हणजे कुणी नसतं. रिकामं असण्याचा मला आता राग येत नाही.

थोडा येतो.