खलाच्या बुडाचा डाग

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे आणि फार थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. औशाच्या पाथरवटाने मला घडवले. पुढे शिवमूर्तीअप्पांच्या काष्ठौषधीच्या दुकानात चाळीस वर्षे माझ्या पोटात बत्ता पडत राहिला.

हिरडा, सुंठ यांचे मला काही वाटत नसे. लाडकी होती ती सोमलता. दूरच्या वाळवंटातून येणारी, पान नसलेली, पेरापेरांची सुकी काडी. अप्पा दमेकऱ्याची नाडी पाहत आणि मगच तिचा काढा देत. काळीज धडधडणाऱ्याला ते ती कधीच देत नसत. लोक अप्पांना दुवा देत, मला कोण देणार?

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास पाऊस रुसला. धुरपताबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. धुळीने तिच्या छातीचा भाता झाला. दुकानातली सोमलता संपली होती. मग बाजारात जडीबुटी विकणाऱ्या लिंबाजीने माळावरून सोम म्हणून एक जुडी आणून दिली. तीही बिनपानांची, पेरापेरांची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! अप्पांना तेव्हा धड दिसत नव्हते, पण ते कबूल करायला ते तयार नव्हते. समोर धुरपताबाई धापा टाकत बसलेली. अप्पा घाईने कुटू लागले. माझ्या बुडाला पांढरे, चिकट काहीतरी लागले. ही ती सोमलता नव्हे, हे मला कळले, पण दगडाला तोंड कुठे असते?

अप्पांच्या बायकोने, नीलाबाईंनी, आत वाकून पाहिले. "अवो, सुकल्या काडीला चीक कुठून आला?"

अप्पांचा हात थांबला. त्यांनी बत्ता खाली ठेवला. मग धुरपताबाईला म्हणाले, "माय, ही आपली सोमलता न्हाई. मला दिसत न्हाई आता. लातूरच्या दवाखान्यात जा तू."

नीलाबाई स्वतः तिला एसटीने घेऊन गेल्या. धुरपताबाई वाचली. अप्पांनी मात्र पुन्हा बत्ता उचलला नाही. एवढ्या वर्षांत त्यांचे सर्वांत मोठे औषध 'मला दिसत न्हाई आता' हेच एक वाक्य होते, असे मला वाटते.

आता मी दाराला टेकण म्हणून पडलो आहे. माझ्यात पालीची अंडी असतात, विड्यांची थोटके असतात. मित्रांनो, कधी दया आली तर मला धुऊन काढा. पण बुडाशी त्या चिकाचा, वाळून काळा पडलेला एक डाग आहे. तेवढा घासू नका.