एक मूठ खाली

मी एक जुनी जाळी आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते की आजवर मी एकही मासा धरलेला नाही. माझ्या नात्यातली सगळी जाळी समुद्रात गेली. कुणी बांगडे आणले, कुणी खेकडे आणले, कुणी नुसतीच फाटून परत आली. मी मात्र जमिनीवर राहिले. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला शाळेचा झेंड्याचा जुना खांब, आणि मधे मी, ताठ! माझं काम एवढंच की व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरींच्या चेंडूला आडवं यायचं. आडवं येणं हा काही फार कौतुकाचा धंदा नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझी हकिकत ऐका आणि मग ठरवा.

मला विणलं डोमेंगने. आमच्या सान इसिद्रो गावच्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं भराभर जाळं विणणारा दुसरा माणूस नव्हता. शाळेने विकत आणलेली जाळी खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत कुजली, तेव्हा त्याने घरात उरलेल्या नायलॉनच्या दोरीतून तीन दिवसांत मला तयार केलं. वरच्या काठाला त्याच्या बायकोने पिठाच्या गोणीची पांढरी पट्टी शिवली. त्या गोणीवर लाल कोंबडा छापलेला होता. पट्टी कापताना तो अर्धाच आला, म्हणून माझ्या डोक्यावर कायम एका कोंबड्याचा मागचा अर्धा भाग असतो. हसू नका!

पहिले काही उन्हाळे मोठ्या थाटात गेले. मग एका वर्षी वादळाने शाळेचं छप्पर उडवलं, खेळाचं उन्हाळी शिबिर बंद पडलं आणि मला कुणीतरी भाजीच्या वाफ्यावर टाकलं, कोंबड्यांनी रोपं खाऊ नयेत म्हणून. दोन वर्षं मी कोंबड्यांच्या शिव्या खाल्ल्या. उंदराने एक कोपरा कुरतडला तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. उंच बांधायच्या वस्तूला जमिनीवर पसरून ठेवलं की तिला काय वाटतं, ते त्या दोन वर्षांत मला कळलं.

मग मॅम तेसिंग आली. प्राथमिक शाळेची शिक्षिका, आवाज पंचाच्या शिट्टीसारखा. तिने मला वाफ्यावरून उचललं, धुतलं, डोमेंगकडून कोपरा शिवून घेतला आणि जाहीर केलं, "एप्रिलपासून मुलींचं उन्हाळी शिबिर. रोज सकाळी सहा ते आठ. मे महिन्यात गावचा सण, त्या दिवशी पलीकडच्या लागुंडी गावाशी सामना. मैदानात सहा जणी उतरतील. आणि सहांत यायचं तर पाच सर्व्हिसपैकी तीन तरी जाळीवरून गेल्या पाहिजेत. माझ्याकडे वशिला चालत नाही."

तिच्याजवळ बांबूची एक काठी होती, तिच्यावर तांबड्या रंगाची खूण. पहिल्या दिवशी तिने ती माझ्याशेजारी उभी धरली. "इथं. तीळभर वर नाही, तीळभर खाली नाही." डोमेंग पहाटे समुद्रावरून परत यायचा, म्हणून रोज मला बांधायचं काम त्याच्याकडे आलं. काठी शाळेच्या कपाटात गेली.

डोमेंगची मुलगी जोवेलिन, म्हणजे आमची जोवी, तेव्हा बारा वर्षांची होती. शेवग्याच्या शेंगेसारखी काटकुळी. पण उत्साह असा की सहाच्या शिबिराला ती साडेपाचलाच हजर! तिला त्या सहा जणींत यायचं होतं. झोपेतसुद्धा ती सर्व्हिस मारते, असं तिची आई सांगत फिरायची. अडचण एकच होती. तिचा चेंडू यायचा तो थेट माझ्या छातीवर. धप्प! दहातले नऊ धप्प.

आणि कडेला तिचा बाप उभा. "हात सरळ! जोर लाव! अगं, सकाळी भात खाल्लास ना?"

तिथेच लोला पासियांग तळलेली केळी विकायची. लोला म्हणजे आजी, आणि ही अख्ख्या वस्तीची. ती झारा हलवत म्हणायची, "डोमेंग, असाच होडीतही ओरडतोस का रे? मग मासे कसे येतील? ते पण जोवीसारखेच घाबरत असतील."

सगळे हसायचे. जोवी हसायची नाही.

एका सकाळी सगळ्या मुली गेल्यावर ती माझ्या सावलीत बसून रडली. जाळीची सावली ती केवढी, नुसती भोकं! पण तेवढीही तिला पुरली. डोमेंग होडी ओढताना थांबला आणि लांबून बघत राहिला. जवळ काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला माडाला बांधताना एक मूठ खाली बांधलं. मला वाटलं, बिचाऱ्याला झोप झाली नसेल, हात चुकला. मग तो खांबाकडे गेला आणि तिथेही बरोबर एक मूठ खाली. मित्रांनो, हात दोन्हीकडे सारखा चुकत नसतो.

त्या दिवशी जोवीचे दहातले सहा चेंडू पलीकडे गेले. ती अशी काही नाचली की चप्पल माझ्यात येऊन अडकली. "तातय! बघितलंस? बघितलंस ना?"

"बघितलं पोरी," तिचा तातय, म्हणजे बाप, म्हणाला. पण तो बघत होता वाळूकडे.

मग काय विचारता! साऱ्याच मुलींचे चेंडू उडू लागले. उंच मिनेर्वा तर अशी मारायची की समोरच्या पोरी खाली बसायच्या. आया कौतुकाने भाताच्या पुरचुंड्या आणू लागल्या, बाप लोक कामाला उशीर करू लागले. मॅम तेसिंगही खूश. रोज पाहणाऱ्या डोळ्याला मूठभर फरक दिसत नाही, आणि सगळं छान चाललं असताना कपाटातली काठी कोण काढतो? माझंही कौतुक झालं. "डोमेंगची जाळी पायगुणाची आहे," असं लोक म्हणाले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? पण रात्रभर घडीत पडले की पट्टीखाली काहीतरी टोचायचं.

सणाआधी दोन आठवडे लागुंडीने सरावाचा सामना ठेवला. त्यांची जाळी फाटली होती, म्हणून मॅमने मला बरोबर घेतलं. दोन होड्या भरून आम्ही निघालो. मुली, आया, बाप, केळ्यांच्या टोपलीसकट लोला आणि मुलींच्या पायाशी गुंडाळलेली मी.

लागुंडीच्या मास्तरांनी फीत काढली, मोजलं आणि मला बांधलं. किती दिवसांनी मी माझ्या जागेवर उभी होते! वारा वेगळा लागत होता. आणि मग मला आठवलं, आमच्या पोरी इतके दिवस एक मूठ खालच्या जाळीवरून मारत होत्या.

जोवीची पहिली सर्व्हिस. धप्प. दुसरी, धप्प. मिनेर्वाची, धप्प. आमच्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. जोवीच्या चार झाल्या, पाच झाल्या, सगळ्या माझ्या छातीवर. मला प्रत्येक चेंडू लागत होता, पण तिला जास्त लागत होता.

कडेला मात्र युद्ध पेटलं. "जाळी वर बांधलीय!"

"फसवणूक आहे ही! मापा, मापा!"

"आमच्या पोरी घरी आभाळात मारतात," लोला पासियांग झारा उगारून ओरडली. "तुमच्या गावात आभाळच बुटकं दिसतंय!"

लागुंडीच्या मास्तरांनी शांतपणे फीत पुढे केली. "मॅम, तुम्हीच मोजा."

मॅमने मोजलं. एकदा या टोकाला, एकदा मधे, एकदा त्या टोकाला. "बरोबर आहे," ती हळू आवाजात म्हणाली. आणि तिने मान वळवली.

सगळ्या आयाबापांत एकच माणूस ओरडत नव्हता. एरवी ज्याचा आवाज समुद्रापलीकडे जायचा, तो डोमेंग वाकून चपलेचा पट्टा ठीक करत होता. पट्टा धड होता. मॅमच्या पाठोपाठ जोवीनेही तिकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं विझलं.

परतीच्या होडीत ती माझ्या घडीवर बसली होती. इंजिन फटफटत होतं.

"किती खाली?" तिने विचारलं.

"एक मूठ."

"कधीपासून?"

"तू रडलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." डोमेंगने सुकाणू घट्ट धरलं. "तू रडत होतीस गं. मला बघवेना."

"मग रडू द्यायचं ना, तातय! रडून झालं की मी उठले असते." तिचा आवाज फाटला. "म्हणजे तुलाही वाटत होतं, मला जमणार नाही."

डोमेंगने इंजिन बंद केलं आणि होडी वाळूत चढवली.

दुसऱ्या दिवशी जोवी शिबिराला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोमेंगने मॅमला सगळं सांगितलं, मान खाली घालून. मॅम म्हणाली, "रोज डोळ्यांसमोर होती, आणि मी एकदाही मोजली नाही. निम्मी चूक माझी." मग तिने शाळेतून काठी आणली आणि ती डोमेंगच्याच हातात दिली. "घरी घेऊन जा."

चौथ्या दिवशी सकाळी साडेपाचला जोवी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली. बादली पालथी घातली, वर चढली आणि तिने मला स्वतः बांधलं. खूण जुळेपर्यंत तीनदा सोडलं, तीनदा बांधलं. मागे बाप उभा होता. "आजपासून मी बांधणार," ती म्हणाली. "तू पलीकडे थांब. चेंडू आणून दे. बोलायचं नाही."

"एकही शब्द नाही?"

"तातय!"

"बरं बरं."

त्याच आठवड्यात मॅमने आणखी एक गंमत केली. कडेला उभ्या असलेल्या सगळ्या आयाबापांना तिने मैदानात बोलावलं. "रोज एवढं शिकवता. आज प्रत्येकाने एक सर्व्हिस मारून दाखवा."

अहो, काय सोहळा झाला तो! मिनेर्वाच्या बापाचा चेंडू मागे, लोलाच्या केळ्यांत. जोवीच्या आईचा खांबावर आपटून तिच्याच डोक्यावर. एकाचा समुद्रात गेला, तो आणायला होडी काढावी लागली. आणि डोमेंगचा? धप्प. सरळ माझ्या छातीत. एवढ्या दणक्याने की मला विणताना घातलेल्या त्याच्या गाठी करकरल्या.

"हात सरळ!" जोवी कडेवरून ओरडली. "सकाळी भात खाल्लास ना?"

सगळं मैदान लोळून हसलं. डोमेंगही हसला, डोळे पुसत. त्या दिवसापासून कडेची आरडाओरड निम्म्यावर आली. जी उरली, ती "शाब्बास"ची होती.

पण शाब्बासकीने चेंडू वर जात नाही. जोवी रोज मारत होती आणि रोज मी आडवी येत होते. मॅमने तिला सांगितलं, "नुसत्या हाताने मारू नकोस. पायापासून उचल." पाचातला एक जायचा, कधी दोन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकही नाही.

निवडीची सकाळ उजाडली. पाच जणी ठरल्या. सहाव्या जागेसाठी जोवी. पलीकडे डोमेंग चेंडू गोळा करायला उभा, ओठ असे दाबलेले की जणू त्यात खिळे धरलेत.

पहिला चेंडू पलीकडे गेला. दुसरा धप्प. तिसरा माझ्या पट्टीला घासून पलीकडे पडला. चौथा धप्प.

आता एकच.

मित्रांनो, मी तुम्हाला सगळं खरं सांगायचं ठरवलंय, म्हणून हेही सांगते. माडाकडची गाठ जरा ढिली होती. मनात आलं, सैल व्हावं. फार नाही, मूठभर. कुणाला कळलं असतं? वाऱ्यावर ढकलता आलं असतं. तेव्हा कुठे मला डोमेंग समजला. माया वाईट नसते हो. पण ती घाई करते.

मी ताठ राहिले. होते नव्हते तेवढे धागे ताणून ताठ राहिले.

जोवीने चेंडू हवेत फेकला. गुडघे वाकले, टाचा उचलल्या, हात मागून आला. मी डोळे मिटून घेतले असते, पण माझे डोळे शेकडो आहेत, किती मिटणार? चेंडू आला आणि माझ्या डोक्यावरून, अर्ध्या कोंबड्याच्याही वरून, हातभर उंचीवरून निघून गेला. मला लागला तो फक्त त्याचा वारा. कुणी न शिवता गेलं म्हणून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता!

डोमेंगने चेंडू झेलला आणि पोटाशी धरला. तो जोवीकडे बघत राहिला. त्याला बोलायची मनाई होती ना.

"आता बोललास तरी चालेल, तातय," जोवी म्हणाली.

"मोज," तो कसाबसा म्हणाला. "काठी लावून मोज. सगळ्यांसमोर."

मोजलं. तीळभर वर नाही, तीळभर खाली नाही.

सणाचा सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. जोवीच्या सर्व्हिसवर चार गुण आले आणि तीन गेले. पण त्या दिवशी आमच्या बाजूच्या एकाही माणसाने "मापा" म्हणून आरोळी ठोकली नाही. लोलाने उरलेली केळी दोन्ही गावांच्या पोरींना वाटली, आणि पोरी पुढच्या एप्रिलच्या गप्पा मारत तिथेच वाळूत बसल्या.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले. आता माझ्या अंगावर ठिगळं आहेत आणि दोर पिवळा पडलाय. म्हणून तुमच्याकडे आणि तुमच्या आईबाबांकडे थोडं मागणं मागते. खेळ संपला की मला गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. फाटले तर लगेच शिवा, लहान भोक वाट पाहत नाही. आणि बांधताना मोजून बांधा. पोरगं रडलं तर त्याच्याजवळ बसा, चेंडू आणून द्या, हवं तर स्वतः दोन मारून पाहा. पण मला खाली करू नका. मी माझ्या जागी राहिले, तरच एखाद्या सकाळी कुणाचा तरी चेंडू माझ्यावरून जाईल, आणि तो खरोखरच गेलेला असेल.