सात नंबरचा कप

"कप कुठाय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हा काय, चकाचक," मावशी म्हणाल्या.

मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं सफाई केलेली बाई. राउंडच्या आधी थुंकीचे कप लख्ख हवेत, हा त्यांचा बाणा. डॉक्टरांपुढे घाण ठेवायची म्हणजे आपलंच नाक कापून घ्यायचं.

सात नंबरच्या खाटेवरची पोर दम्याची. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झालेली. छातीच्या फोटोत डाग दर वेळी नव्या जागी. मोठ्या डॉक्टरांनी क्षय धरला होता, बारा वाजता गोळ्या सुरू व्हायच्या होत्या. नव्या डॉक्टरबाईंना काही ते पटेना.

"खोकल्यातून काय पडतं?" त्यांनी पोरीच्या आईला विचारलं.

"मला बघवत नाही हो. मावशीच नेतात."

"काय पडायचंय? बेडके," मावशी म्हणाल्या. "हिचे तपकिरी. रबरासारखे चिवट, ब्रशनं खरवडावे लागतात."

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "आणि तुम्ही ते रोज धुऊन टाकता?"

मावशींचं तोंड एवढंसं झालं.

"दम्याच्या काही मुलांच्या श्वासनळ्यांत बुरशी बसते. शरीर तिच्यावर चिडतं आणि असे तुकडे पडतात. रक्त तपासायला पाठवतेच, पण मोठ्या डॉक्टरांना थांबवायला हातात काहीतरी हवं."

साडेदहा झाले होते. मावशी कप घेऊन पोरीपाशी बसल्या. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. इतर वेळी खोकून जीव नकोसा करणारी पोर आज ढिम्म. गोळ्यांचा ट्रे पाच नंबरपर्यंत आला.

"खोक गं बाळा," मावशी काकुळतीला आल्या.

पोरीला ढास लागली. कपात तपकिरी तुकडा पडला.

डॉक्टरबाई तो घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे धावल्या. दहा मिनिटांनी परतल्या. "गोळ्या थांबवल्यात. आधी बुरशीच्या तपासण्या. तेच निघालं तर औषध आहे, वेळेत मिळालं की फुप्फुसं वाचतात."

पोरीच्या आईनं मावशींचे हात धरले. मावशींनी ते सोडवून घेतले.

"बाई, हा आजार आत्ताच निघालाय का?"

"नाही, जुनाच आहे. का?"

मावशींनी तीन नंबरच्या खाटेकडे पाहिलं. तिथली चिमणी मागे दोन वर्षं क्षयाच्या गोळ्या खाऊनही वाचली नव्हती. तिचा कपही तपकिरी असायचा. 'मावशी, आई यायच्या आत धुवा हं,' म्हणायची. मावशींनी एकही दिवस चुकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी सिस्टर ओरडल्या, "मावशी, आज कप तसेच?"

"असू देत," मावशी म्हणाल्या. ब्रश कोरडाच होता. "आधी बघू देत डॉक्टरांना."