खजिनदारबाईंचा नवरा

ग्लेंडा राज्याच्या खजिनदारपदासाठी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिची गाडी तिचा नवराच चालवायचा. व्हर्लिन धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसे. त्याने बिनपगारी रजा टाकली होती. मक्याच्या शेतांमधून तो तिला गावोगाव नेई आणि ती शेजारी बसून त्याला भाषण म्हणून दाखवी.

"सरकारचे कर्जरोखे म्हणजे काय, हे माझ्यासारख्या माठाला कळलं की समज सगळ्यांना कळलं," तो म्हणायचा. त्याला कळेपर्यंत ती वाक्यं सोपी करत जायची.

ती निवडून आली आणि व्हर्लिनची गाडीतली जागा गेली. आता दौऱ्यावर गाडी टॉड हेनिंग्सन चालवायचा. टॉड तिचा उपखजिनदार. चाळिशीतला, सडपातळ, व्याजाचे दर तोंडपाठ असलेला. जेवताना ग्लेंडाच्या तोंडी तोच. टॉड म्हणतो, दर उतरतील. टॉड म्हणतो, शाळांचे रोखे वसंतात काढू.

"आणि माझ्या बटाट्यांबद्दल काय म्हणतो टॉड?" व्हर्लिनने एकदा विचारलं.

"मीठ कमी आहे म्हणतो," ग्लेंडा म्हणाली आणि स्वतःच हसली. व्हर्लिनला हसू आलं नाही.

राज्याच्या जत्रेत खजिनदार कार्यालयाचा तंबू असे. ग्लेंडाच्या दुसऱ्या कार्यकाळात एकदा व्हर्लिन न सांगता तिथे गेला, दोघांसाठी काडीवरचं भाजलेलं मटण घेऊन. तंबूमागे ग्लेंडा टॉडला भाषण म्हणून दाखवत होती. "इथे लोक हसतील ना?" तिने विचारलं. टॉडने मान डोलवली. व्हर्लिन तसाच मागे फिरला. गाडीत बसून त्याने दोन्ही काड्या एकट्याने संपवल्या.

"त्या माणसाच्या मनात काहीतरी आहे," घरी तो म्हणाला.

"व्हर्लिन, मला दोन नातवंडं आहेत."

"असू देत. त्याला काहीतरी हवंय. बघण्यावरून कळतं."

"तुझं डोकं फिरलंय."

जानेवारीत टॉडने राजीनामा दिला आणि पक्षाच्या उमेदवारीसाठी ग्लेंडाविरुद्धच अर्ज भरला. रेडिओवर बातमी ऐकून ती अंगातला कोट न काढताच खुर्चीत बसली.

"हवं होतं खरं त्याला काहीतरी," ती म्हणाली. "माझी खुर्ची."

व्हर्लिनने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तोंड खिडकीकडे वळवलं. त्याच्या छातीवरचं पोतं उतरलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असतं.

त्याने पुन्हा रजा टाकली, पुन्हा गाडी काढली. शेजारच्या सीटवरून भाषण ऐकताना तो इतका सुखात होता की त्याचं त्यालाच कसंतरी वाटे. एका चर्चच्या हॉलमध्ये मात्र टॉड आधी बोलला. रोख्यांबद्दलची ती सोपी वाक्यं, व्हर्लिनसाठी घडवलेली, जशीच्या तशी. व्हर्लिन उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

जूनमध्ये पक्षाच्या उमेदवारीचं मतदान झालं आणि ग्लेंडा हरली. दुसऱ्या दिवशी प्रचाराच्या ऑफिसातलं सामान घेऊन दोघं घरी निघाले.

"तू खूश आहेस," ती म्हणाली.

"तू हरलीस याचं मला वाईट वाटतंय."

"ते नाही विचारलं मी."

"आहे थोडा," तो म्हणाला.

ती रागावली नाही. काच थोडी खाली करून म्हणाली, "नोव्हेंबरात निवडून येईलच तो, आणि कारभारही चांगला करील. माझ्यापेक्षाही चांगला करील कदाचित. हुशारच आहे टॉड."

पुढच्या गावात तिच्या आवडीचा 'चेरी पाय', चेरीचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, मिळायचा आणि तिथे थांबायचं व्हर्लिनने सकाळीच ठरवलं होतं. पण तो थांबला नाही. गाडी त्याने सरळ घराकडे नेली.