वळणावरची शीर आणि बिननळीचा डिस्ट्रिब्युटर

शनिवारी दुपारी या गावात जो तो आपापल्या दारासमोरचा रस्ता झाडतो. भूकंप झाला तरी झाडू हातातून सुटत नाही. पण त्या शनिवारी झाडू भिंतींना टेकले होते आणि सारं गाव वाल्बुर्गाच्या पावाच्या भट्टीघरासमोरच्या वळणावर माना लांब करून उभं होतं. कारण पाणाड्या ओटमार झाइट्सच्या बोटाला टांगलेला पितळी लोलक गरगर फिरायला लागला होता.

"शीर!" झाइट्स डोळे मिटून घुमला. "खाली काळ्या पाण्याची शीर! तिच्या लहरी इंजिनाचा प्राण शोषतात."

लोकांनी श्वास रोखले. पिठाच्या हातांनी दारात उभी असलेली म्हातारी वाल्बुर्गा म्हणाली, "माझ्या घराखाली पाणी, आणि मी जन्मभर नळाचं बिल भरतेय! आधी यायचं होतंस, बाबा."

गोष्ट अशी होती. गावात जुन्या बीटल गाड्यांचं मंडळ होतं आणि वाल्बुर्गाचा मुलगा गेबहार्ड त्याचा अध्यक्ष. वसंत लागल्यापासून मंडळाची प्रत्येक गाडी या वळणावर उचकी द्यायची. वेग कमी करून वळलं, चढासाठी पाय दाबला, की हुक्! नव्या गाड्या मात्र खुशाल जायच्या.

"नव्या गाड्यांना आत्मा नसतो," झाइट्सने खुलासा केला. माना डोलल्या.

"माझी खटारा बीटलही रोज इथूनच जाते," वाल्बुर्गा म्हणाली. "तिला का नाही होत?"

"तिला सवय झालीये, आजीबाई."

"वा! म्हणजे शीर माणूस बघून धरते."

उपायही तयार होता: शिरेचं तोंड भट्टीखाली आहे, तेव्हा सोमवारी भट्टी पाडायची आणि तिथे तांब्याच्या कांबी पुरायच्या. वाल्बुर्गाच्या सासूने पेटवलेली भट्टी! गावाचा राय धान्याचा पाव अजून तीतच भाजला जायचा. पण घर आता गेबहार्डच्या नावावर होतं, आणि त्याने होकार दिला होता.

"आई, हट्ट सोड. विज्ञानाच्या पलीकडेही काही असतं."

"असतं ना. तुझं डोकं तिकडेच गेलंय."

झाइट्सने पुरावा द्यायचं ठरवलं. गेबहार्डची गाडी पुढे आली, मागचं, इंजिनावरचं झाकण उघडलं. वाल्बुर्गाची सून रोझविता गावाबाहेरच्या तंत्रशाळेत मोटारीचं इंजिन शिकवायची. तिने सासूच्या कानात काहीतरी सांगितलं. "बघू तरी कशी असते शीर," म्हणत वाल्बुर्गा वाकली आणि ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरून खाली इंजिनापर्यंत कणकेच्या बोटाने एक सरळ रेघ ओढून मागे सरली.

"पाठ फिरवा! लहर डोळ्यांत शिरेल!" झाइट्स ओरडला. अख्खं गाव बदकांसारखं वळलं. मागे काहीतरी खुडबुडलं. मग झाइट्सने इंजिनावर चढवलेलं तांब्याचं कडं दाखवलं आणि गाडी वळण घेऊन सुसाट चढली. उचकी नाही! टाळ्या पडल्या.

"कडं अमावास्येपर्यंतच टिकेल," झाइट्स म्हणाला. "सोमवारी कुदळी आणा."

"त्याआधी झाकण उघडा," रोझविता म्हणाली.

कणकेची रेघ मधोमध तुटली होती. वरचा तुकडा गव्हाच्या दाण्याएवढा बाजूला सरकला होता.

"लहरीला बोटं फुटली वाटतं!" वाल्बुर्गा म्हणाली. "महाराजांनी डिस्ट्रिब्युटरच फिरवलाय."

"हिवाळ्यात मंडळासाठी हे चकचकीत डिस्ट्रिब्युटर कोणी आणले?" रोझविताने विचारलं. सगळ्यांनी गेबहार्डकडे पाहिलं. "जुन्याला कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक नळी होती. पाय दाबला की कार्ब्युरेटरची ओढ नळीतून पोचायची आणि ठिणगी लगेच लवकर पडायची. कार्ब्युरेटर त्याच हिशेबाने बनलाय. या नव्याला नळीच नाही. इंजिन जोरात फिरेपर्यंत तो वाट बघत बसतो. पेट्रोल आलं, ठिणगी मागे, म्हणून उचकी. या वळणावर सगळेच हळू होऊन मग पाय दाबतात, म्हणून इथे. झाइट्सने डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी कायमचीच लवकर पाडली. उचकी गेली, पण चढावर इंजिनाची टणटण ऐकलीत? अशीच हाकलीत तर इंजिन भाजून निघेल."

"थापा!" झाइट्स म्हणाला.

"मग करून बघू."

रोझविताने सासूच्या गाडीतला जुना डिस्ट्रिब्युटर नवऱ्याच्या गाडीत बसवला, नळी जोडली, ठिणगीची वेळ तपासायचा दिवा लावून ती जुळवली. कड्याशिवाय गाडी लोण्यासारखी चढली. चकचकीत डिस्ट्रिब्युटर सासूच्या गाडीत गेला. वाल्बुर्गा स्वतः चाकाशी बसली, चर्चसमोरच्या सपाट मैदानात गाडी नेली आणि पाय दाबला.

हुक्!

"अगं बाई!" ती खिडकीतून ओरडली. "शीर माझ्या मागे देवाच्या दारात आली!"

गाव खो खो हसलं. झाइट्सने लोलक खिशात घातला. "संशयी लोकांत तो चालत नाही."

"मग कामचुकार आहे म्हणायचं," वाल्बुर्गा म्हणाली.

गेबहार्ड खाली मान घालून आला. "आई, भट्टीला हात लावत नाही."

"लावून बघ!" ती गाडीतून उतरली आणि सगळ्यांकडे वळली. "माझी गाडी रोज तुमच्या डोळ्यांदेखत जात होती. एकालाही वाटलं नाही, हिला का होत नाही ते विचारावं? मी चार बुकं शिकलेली नाही, पण 'का' म्हणायला बुकं लागत नाहीत. विचारा रे बाबांनो. उत्तर सापडेना तर थांबा, शोधा, कुणाला तरी गाठा. पण उत्तर मिळायच्या आधी कुदळ उचलू नका."