ज्युडिथची परात

मित्रांनो, पितळेची एक जुनी परात तुमच्याशी बोलते आहे. रोह्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. माझा घेर एवढा मोठा, की दुकानाच्या दारातून मला उभी करून काढावी लागली. या थोरवीचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू?

मला घेतलं कासू गावच्या सॅम्युएल तेल्याने. हे कुटुंब ज्यू. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. रोज माझ्यात भाकरीचं पीठ मळलं जाई. पण घरात नवस फिटला, की माझा मान वेगळाच. गोड पोहे, खोबरं आणि वेलची यांचा माझ्यात डोंगर रचायचा, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्तवन म्हणायचं. याला मलिदा म्हणतात. मलिद्याच्या दिवशी मी कोणालाही भाव देत नसे.

पुढे सॅम्युएल वारला. त्याची मुलगी ज्युडिथ नवऱ्याबरोबर इस्रायलला निघाली. मी काही पेटीत मावेना. तेव्हा तिने मला हौसाकडे दिलं. हौसा म्हणजे शेजारची मिठागरवाल्यांची मुलगी, ज्युडिथची बालमैत्रीण.

"वापर गो हिला," ज्युडिथ म्हणाली. "जवळा, कोलंबी, खेकडा तेवढा घालू नको. खवल्याबिगरचं आमच्यात चालत नाय, तुला ठावं हाय."

"मी हातच लावणार नाय," हौसा म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. जुन्या लुगड्यात गुंडाळून मला माळ्यावर टाकलं. तिची माया खरी होती, पण माझे हाल कुत्रा खाईना. वर्षांमागून वर्षं गेली. खाली भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा आणि मी वर काळी पडत चालले होते.

मग हौसाच्या नातवाचं, साहिलचं, बारसं आलं. हौसा बाजाराला पेणला गेली होती. पंगतीला भांडी कमी पडली, तशी तिची सून बायजा माळ्यावर चढली. तिला बिचारीला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तिने मला खसाखसा घासलं आणि जवळ्याचं गरमागरम कालवण माझ्यात ओतलं. मित्रांनो, मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी माणसांचे हात लागले, या आनंदात मी होते.

हौसा परतली आणि तिने माझ्यात जवळा पाहिला. सुनेवर ती रागावली नाही. चिंच लावून, राखेने घासून तिने मला पुन्हा बांधून ठेवलं.

ज्युडिथ आली ती १९९४च्या दिवाळीत, सुट्टी काढून. बरोबर तिची मुलगी शीरा. ही शीरा आदल्या वर्षी मरणाच्या दारातून परत आली होती. तेव्हा ज्युडिथने नवस केला होता, की पोर उठली तर कासूला जाऊन बापाच्या परातीत मलिदा करीन. एवढ्यासाठी ती एवढ्या लांबून आली होती.

हौसाने मला तिच्यासमोर आणलं. ज्युडिथने माझ्या काठावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. हौसाने तिथेच सांगून टाकलं.

"हात नको लावू. हिच्यात जवळा झाला गो. गरम."

"माझ्या हातून झालं," दारातून बायजा म्हणाली.

ज्युडिथने हात मागे घेतला. मग उठून ओसरीवर जाऊन बसली. त्या दिवशी दोघी जेवल्या, पण एकमेकींकडे न बघता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याहून रूबेनकाका आले. आता या भागात मलिद्याची प्रार्थना सांगणारे तेच उरले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला टिचकी मारून पाहिली.

"धातूची हाय ना? मग रडता कशाला? गरमानं मुरलं ते गरमानंच निघतं. खळखळ उकळत्या पाण्यात पुरती बुडवा. शुद्ध होईल. पण पाण्याचं भांडं चोख पाहिजे."

आता मी बुडेन एवढं भांडं आणायचं कुठून? माझी थोरवी अशी नडली. गावातल्या लग्नाच्या टोपांत काय काय शिजलेलं, कोण सांगणार? 

"पेणला गुणाजीभाऊंची पोह्याची भट्टी हाय," बायजा हळूच म्हणाली. "भात भिजवायला मोठी काहील हाय. भात आणि पाणी, दुसरं काय तिच्यात पडत नाय."

टेम्पोत बसून आम्ही सगळे पेणला गेलो. गुणाजीने आधी डोक्याला हात लावला, मग काहील घासून पाणी चढवलं. एका बाजूने हौसाने आणि दुसऱ्या बाजूने ज्युडिथने मला दोराने धरून आत सोडलं. वाफेने दोघींचे चेहरे लाल झाले होते.

"हळू गो, भाजशील," ज्युडिथ म्हणाली. कालपासून ती हौसाशी पहिल्यांदाच बोलत होती.

मी बाहेर आले ती सोन्यासारखी. मलिद्याचे पोहे गुणाजीनेच दिले, नव्या भाताचे. घरी आल्यावर रूबेनकाकांनी स्तवन म्हटलं, शीराने पहिला घास घेतला आणि दुसरा ज्युडिथने बायजाच्या हातावर ठेवला.

निघायच्या दिवशी हौसाने मला लुगड्यात बांधून पुढे केलं. "ने तुझी वस्तू. मला नाय सांभाळता आली."

ज्युडिथने गाठ सोडली. लुगडं घडी करून आपल्या बॅगेत टाकलं आणि मला चुलीपाशी भिंतीला टेकवून ठेवलं.

"आता झाकायला फडकं नाय. रोज पीठ मळ. जवळा झाला तर होऊ दे. मी आले की गुणाजीकडे नेऊ, उकळू."

मित्रांनो, कोणी विश्वासाने काही दिलं, तर ते माळ्यावर कोंडून ठेवू नका. त्याला काम द्या, आणि त्याचा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

माझ्यात आता रोज तांदळाचं पीठ मळलं जातं. ज्युडिथने मुभा दिली आहे, हे बायजाला पक्कं ठाऊक आहे. तरी घरात जवळा आला, की ती माझ्याकडे एकदा बघते आणि टोप घेते.