बाकी चौसष्ट

विश्वनाथरावांना अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आनंद नगरच्या दोन खोल्यांत रत्नप्रभाबाई एकट्याच त्यांचं सगळं करत होत्या. व्यायाम करवायला येणारा जितेंद्र रोज बजावून जाई, "माताजी, इनसे बोलते रहिए. कुछ भी बोलिए."

बाई बोलत राहिल्या. पुण्याच्या लेकीचं, शेजारणीचं, भाजीवाल्याचं सांगून झालं. पण रोज उठून नवं काय सांगणार? हळूहळू जीभच जड झाली.

मग एकदा कपाटात विश्वनाथरावांची वही सापडली. कारखान्यात नकाशे काढण्यात हयात गेलेल्या या माणसाला आकड्यांचा भारी नाद. पानावर मोठ्या अक्षरात ९०९०९१ आणि खाली भागाकारच भागाकार. ही मूळ संख्या आहे का, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही ना, हे ते हाताने तपासत होते. सात, तेरा, सदतीस, तिघांनीही बाकी एकच उरत होती. त्याखाली त्यांनी कौतुकाने रेघ ओढली होती. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ९५३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की निकाल लागणार होता. झटका आला तेव्हा ते २११ वर होते.

बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. त्या पलंगाशी बसल्या आणि मोठ्याने भागू लागल्या. बोलायला निदान काही तरी मिळालं.

पाचव्या दिवशी ३०७ आला. पाठ भरून आली होती, डोळे मिटत होते.

"तीनशे एकाहत्तरातून तीनशे सात गेले, बाकी चौऱ्याहत्तर."

"चौसष्ट."

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"अहो, काय म्हणालात?"

ओठ थरथरले. "चौ... सष्ट."

बाईंनी पुन्हा वजाबाकी केली. चौसष्टच. आनंदाने ओरडावं एवढं त्राण नव्हतं. त्यांनी चूक खोडली, आकडा दुरुस्त केला आणि मग पदर डोळ्यांना लावला.

अजून नव्याण्णव भागाकार उरले होते. त्याला दीड महिना लागला. अधूनमधून विश्वनाथराव बाकी सांगत; दुसरा शब्द मात्र एकही नाही. बाईंचं नावसुद्धा नाही. बाईंनी वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं.

शेवटी ९५३ आला. बाई वजाबाकीशी थांबल्या.

"आठशे ब्याऐंशी," ते म्हणाले.

"म्हणजे मूळ संख्याच आहे हो ही. कशानेच भाग गेला नाही."

विश्वनाथरावांनी डावा हात उचलून वहीवर ठेवला.

दुपारी लेकीचा, शर्वरीचा फोन आला. "आई, बाबा काही बोलले?"

"बोलले. आठशे ब्याऐंशी."

शर्वरीने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग ती म्हणाली, "आई, मी येतेय. महिनाभर राहीन. तू आता जरा झोप."

"बरं," बाई म्हणाल्या. एरवी त्या नको म्हणाल्या असत्या. फोन ठेवून त्या खाली सतरंजीवर आडव्या झाल्या आणि पंखा लावायचाही राहून गेला.